धाकू तांडेल मरत नाही

वीस लेव्हलच्या माणसाला मारून दाखवा, मग माझ्याशी बोला. पहिल्या लेव्हलला माझ्या लोकांना गोदामातले उंदीर मारायला दोन रविवार लागले होते. त्यातही शमिकाची हौसा उंदीर चावून मरता मरता वाचली. आता त्याच हौसेने हात वर केला की काळ थांबतो. रितेशचा सखाराम गुरव मेलेल्यांना उठवतो. आणि सुजयचा धाकू तांडेल वल्हं घेऊन देवांच्या अंगावर जातो. अशा लोकांपुढे दर रविवारी काय वाढायचं, याचा विचार करून करून माझे केस पांढरे झालेत. आई म्हणते, लग्न केलं नाहीस म्हणून झाले. तिचं एक वेगळंच.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना एवढंच सांगते. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असते तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. जितकं खेळाल तितकी पात्राची लेव्हल वाढते. वीस म्हणजे शेवटची. गोष्ट चालवणारी मी. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान ज्यांच्याकडे असतो ते मानकरी, म्हणून ही मंडळी मला मानकरीण म्हणतात. नुसतं चिडवायला. मान कसला, चहासुद्धा मलाच करावा लागतो.

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत माझं फॉल-पिको आणि ब्लाउजचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही कटिंगच्या टेबलाभोवती बसायचो. नकाशा शिवणाच्या खडूने सरळ टेबलावर काढायचा आणि खेळ संपला की ब्रशने झाडून टाकायचा. पात्रं म्हणजे बटणं. हौसा लाल काचेचं, सखाराम गुरव शर्टाचं साधं पांढरं, आणि धाकू तांडेल पितळेचं, नांगर कोरलेलं, सुजयच्या जहाजावरच्या कोटाचं. राक्षस म्हणजे दोऱ्याची रिळं. ड्रॅगन आला की मी कात्री ठेवते.

सुजय आणि मी शाळेपासून एका वर्गात. तो जहाजावर इंजिनिअर झाला आणि मी मशीनवर बसले. लोक विचारायचे, तुमचं दोघांचं काय आहे? काही नव्हतं हो. त्याने सिंगापूरहून हा खेळ आणला आणि मी तो चालवायला घेतला, एवढंच. रितेश त्याचा धाकटा भाऊ, आठवडा बाजाराजवळ मेडिकल चालवतो. खेळातसुद्धा त्याने औषधपाणी करणारा गुरवच घेतला. शमिका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, लांज्याहून एसटीने यायची आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली की लढाई अर्धी टाकून पळायची.

आमच्या टेबलावर एक रीत होती. खेळाच्या पुस्तकात नियम आहे की मेलेल्याला परत आणायचं तर त्याचा आत्मा राजी पाहिजे. आम्ही तो नियम आमच्या मापाने शिवून घेतला. गुरवाने उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून, आणि ज्याचं पात्र मेलंय त्याने स्वतःच्या तोंडाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. म्हटलं की जिवंत. नाही म्हटलं की गेला. आजपर्यंत कुणीच नाही म्हटलं नव्हतं. नाही कोण म्हणेल?

सुजय जहाजावर असला की मोबाईलवरून खेळायचा. उंटावरून शेळ्या हाकायचा म्हणा ना. बंदर सुटलं की त्याची रेंज जायची, आणि नेमका तेव्हाच धाकू मरायचा. मग रितेश गाऱ्हाणंही घालायचा आणि भावाचं ‘व्हय म्हाराजा’ही तोच म्हणायचा. घरात थोरला नसेल तर पूजेला धाकटा बसतो, तसंच हे. कुणाला त्यात गैर वाटलं नाही. सुजयला पुढच्या बंदरात कळायचं की आपण मेलो होतो आणि भावाने परत आणलं. तो हसायचा.

मग एकदा तो मुदतीच्या आधीच घरी आला. पाना हातातून पडतो म्हणून आला. इथल्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, मुंबईच्यांनी नाव सांगितलं. नसांचा आजार. मेंदूचं सांगणं स्नायूंपर्यंत पोचत नाही. आधी हात, मग पाय, जीभ, गिळणं, आणि शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लखलखीत राहतं. औषध नाही. मेडिकलवाल्याच्या घरात औषध नसलेला आजार आला.

तरी खेळ चालूच राहिला. रितेश त्याला दर रविवारी घेऊन यायचा, आधी हाताला धरून, मग उचलून. फासा सुजयच्या तळव्यावर ठेवायचा आणि तो हात कलता करायचा. फासा घरंगळायचा. तेवढं पुरायचं.

एकदा तो रविवार सोडून आला. मधल्याच वारी, दुपारी, रिक्षावाल्याच्या आधाराने. एक बाई ब्लाउजाच्या गळ्यावरून माझ्याशी हुज्जत घालत होती. तो बायकांच्या स्टुलावर बसून राहिला. बाई गेल्यावर म्हणाला,

“धाकूला मार.”

त्याची जीभ तेव्हा जड झाली होती. एकेक शब्द ओढून आणावा लागायचा. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“कशाला रे मेल्या? एवढी वर्षं सांभाळला त्याला.”

“मार. असा मार, की रितेश परत आणणार नाही.”

मी कात्री खाली ठेवली. त्याला बोलायला वेळ लागत होता आणि मी मध्ये मध्ये शब्द पुरवत होते. तो मान हलवून माझे शब्द परत करायचा आणि स्वतःचेच आणायचा. पुढे श्वासाचं मशीन येणार, गळ्याला भोक पाडून. ते त्याला नको होतं. त्याने रितेशला सांगितलं, रितेश म्हणाला बघू. आईसमोर सांगितलं, तर म्हणाला आईसमोर असलं बोलू नको. डॉक्टरांसमोर सांगितलं, तर म्हणाला, डॉक्टर, तो निराश झालाय, त्याला काय तरी गोळी द्या.

“घरात ऐकत नाय,” सुजय म्हणाला. “टेबलावर ऐकतो. टेबलावर नियम असतो.”

मी म्हणाले मला जमणार नाही. तो म्हणाला, “तू मानकरीण ना?” आणि हसला. ते वाकडं झालेलं हसू बघून मला त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली आणि रडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. त्याला पाणी पाजलं, चमच्याने.

त्याच रविवारी मी कात्री काढली. लाल ड्रॅगन, पंख पसरले की टेबल झाकेल एवढा. धाकू त्याच्या जबड्यात गेला. रितेशने चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. उभा राहून दोन ओळींत गाऱ्हाणं घातलं, “व्हय म्हाराजा” स्वतःच म्हणाला, आणि बटण उचलून परत जागेवर ठेवलं. मी सुजयकडे बघितलं. तो काय करणार? त्याचं तोंड उघडेपर्यंत रितेशचं बोलून झालं होतं. धाकटा सवयीने म्हणाला आणि आम्हीही सवयीने ऐकलं.

पुढच्या वेळी मी धाकूला समुद्राच्या तळाशी गाडलं, देह सापडणार नाही असा. वीस लेव्हलच्या गुरवाला देह लागत नाही. त्याच्या पुढच्या वेळी शाप दिला, तर शमिकाच्या हौसेने काळ थांबवला आणि शाप बाटलीत भरला. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं, ती तिच्या परीने उत्तम खेळत होती. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात ना, इथे गुरव तारी त्याला कोण मारी. सुजयची मान आता एका बाजूला पडू लागली होती आणि धाकू मात्र मारुतीसारखा चिरंजीव होऊन बसला होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोठ्या लेव्हलच्या लोकांना राक्षस देऊन उपयोग नसतो. राक्षसाला ते मारतात. त्यांच्यापुढे त्यांची माणसं ठेवावी लागतात. जिथे उंदीर मारले होते ते सातबंदर गाव त्यांनी आजवर जपलं होतं. तिथल्या भंडाऱ्याला दारू उधार मागायचे, तिथल्या जनी नावाच्या म्हातारीने हौसेला मुलगी मानलं होतं. मी टेबलावर खडूने सातबंदर काढलं आणि खाडीचं तोंड काढलं. समुद्राचा देव रुसला होता आणि गाव बुडणार होतं. माणसं होड्यांत बसली होती. पण खाडीच्या तोंडाशी भोवरा होता. तिथे एक होडी आडवी धरून कुणी सुकाणूवर उभं राहिलं, तरच बाकीच्या बाहेर पडणार. जो उभा राहील तो राहायचा नाही.

“मी काळ थांबवते,” शमिका म्हणाली.

“हा भोवरा देवाचा आहे. तुझ्या काळात तो येत नाही.”

“ताई, हे आपलं तू आत्ता ठरवलंस.”

“मानकरीण कोण आहे?”

ती हिरमुसली. रितेश पुस्तकाची पानं उलटत होता, भराभर, दुकानात औषधावरची तारीख बघतो तसा. सुजयने दोन्ही हात टेबलावर आणले. एका हाताने दुसऱ्याला ढकलत त्याने ते पितळेचं बटण खाडीच्या तोंडापर्यंत नेलं. वाटेत खडूची सगळी रेघ पुसली गेली.

“मी,” तो म्हणाला. “राहतो.”

फासा त्याच्या तळव्यावर ठेवला. त्याने हात कलता केला. एकोणीस पडले. सगळ्या होड्या बाहेर पडल्या, जनी म्हातारीचीसुद्धा. मी ते नीट सांगितलं, घाई केली नाही. धाकू शेवटची होडी जाईपर्यंत सुकाणूवर उभा होता आणि मग पाण्याने त्याला घेतलं. शमिका रडत होती, पण ते गोष्टीचं रडणं होतं, तिला अजून बाकीचं कळलं नव्हतं.

“बरं,” रितेश उभा राहिला. “आता मी.”

त्याने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, सात बंदरांच्या मालका, तुझ्या लेकराने आज गावासाठी देह ठेवला. त्याची काय चूकभूल झाली असेल ती पोटात घाल, नि त्याला पुन्हा आमच्यात आणून बसव, रे म्हाराजा.” आणि त्याच दमात, “व्हय म्हाराजा.”

“थांब,” मी म्हणाले. “ते तू नाही म्हणायचंस.”

“नेहमी मीच म्हणतो, ताई.”

“तो जहाजावर असताना. आज तो तुझ्या बाजूला बसलाय.”

“त्याला बोलायला त्रास होतो, दिसत नाय तुला?”

“मग थांबू आपण. मला घाई नाही.”

पंखा चालू होता. बाहेर कुणीतरी शटर वाजवून ‘आहे का हो कुणी’ म्हणून गेलं. रितेश भावाकडे बघत नव्हता, बटणाकडे बघत होता. सुजयने ओठ जमवले, सोडले, परत जमवले. शमिका पुढे झुकली आणि मग एकदम मागे सरली. मला वाटतं, तिला तेव्हा कळलं.

“नको,” सुजय म्हणाला.

“नको म्हणजे काय?” रितेश हसला. “दादा, धाकू आहे तो. धाकू नको म्हणेल होय?”

सुजयने मान उचलायचा प्रयत्न केला. “दमलो रे.”

रितेशचा चेहरा हळूहळू बदलला. त्याने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही दोघांनी ठरवून केलंत हे.”

“होय,” मी म्हणाले. “ठरवून केलं. तो तुला किती दिवस सांगतोय. तू ऐकतोस कुठे?”

“खेळ आहे हा, मृणाली.” ताई गळून पडलं होतं. “माझ्या भावाला मरायला शिकवतेस तू. दुकानात बसून, चहा पिता पिता. तुझा भाऊ असता तर शिकवलं असतंस?”

शटरखालून वाकून तो निघून गेला. मग जरा वेळाने रिक्षा घेऊन परत आला, कारण भावाला उचलून तोच नेणार होता. दुसरं कोण नेणार? सुजयच्या काखेत हात घालून त्याने त्याला अलगद उचललं, इतकं अलगद की रागावलेल्या माणसाला ते जमू नये. पितळेचं बटण टेबलावरच राहिलं. मी ते बटणांच्या डब्यात टाकलं नाही, मशीनच्या खणात ठेवलं.

त्यानंतर रविवार संपले. मी दोनदा भाट्याला त्यांच्या घरी गेले. रितेश दुकानात होता. मालनकाकी, म्हणजे त्यांची आई, दारातच म्हणाली, “निजलाय गो.” तिला आत घ्यायचं होतं, पण मुलाने सांगितलेलं मोडायचं नव्हतं. मी परत आले. मला त्या बाईचा राग येईना आणि रितेशचा जाईना.

भाताची कापणी सुरू होती तेव्हा सुजयची छाती भरली. इथून कोल्हापूरला नेलं, एका मोठ्या हॉस्पिटलात. मला शमिकाकडून कळलं. आधी तोंडातून नळी, मग गळ्यातून. दिवाळीनंतर त्याला घरी आणलं, मशीनसकट. वीज जाते म्हणून रितेशने दोन इन्व्हर्टर बसवले. हे सगळं गल्लीत मला लोक सांगत होते. भावाने भावासाठी किती केलं बघा, म्हणत होते. मी फॉल लावत होते आणि दात खात होते.

मग एक दिवस तो दुकानात आला. हातात पिशवी होती.

“आईची ब्लाउजं आत घ्यायची आहेत,” म्हणाला. “बारीक झाली.”

मी ब्लाउजं घेतली, टेबलावर पसरली, मापाला एक वेगळं ठेवलंय का बघितलं. होतं. तो गेला नाही. सुजय बसायचा त्याच स्टुलावर बसला.

“ताई, डॉक्टरांनी विचारलं.”

“काय?”

“ट्यूब घालायची का म्हणून. दादा शुद्धीवर होता. माझ्याकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले, लवकर सांगा. मी…” त्याने हात जोडल्यासारखे केले आणि सोडले. “मी व्हय म्हटलं. तोंडातून आपोआप आलं. नेहमीसारखं.”

मला त्याला खूप बोलायचं होतं. महिनेच्या महिने मनात रचून ठेवलेलं होतं. मी म्हणाले, “त्याने नको म्हटलं होतं. तुझ्यासमोर म्हटलं होतं. आणखी किती स्वच्छ म्हणायला हवं होतं त्याने?”

“माहीताय.”

“मग?”

“मग काय मग? माझा भाऊ निळा पडत होता.” तो ओरडला नाही. “तू असतीस तर तू नाय म्हटलं असतंस?”

मी मापाचं ब्लाउज उलगडलं आणि परत घडी घातली. टेबलावर नियम करणं सोपं आहे, तिथे कुणी निळं पडत नाही.

“तो माझ्याकडे बघत नाय,” रितेश म्हणाला. “आईकडे बघतो. नर्सकडे बघतो. मी समोर आलो की डोळे मिटून घेतो. मी पाठ पुसतो, नळी साफ करतो, सगळं मीच करतो. डोळे मिटून करून घेतो.” मग म्हणाला, “एकदा ये. बटणं घेऊन ये.”

रविवारी दुपारी मी आणि शमिका भाट्याला गेलो. खोलीत मशीनचा आवाज होता, धापा टाकल्यासारखा, पण एका लयीत. सुजय पांढऱ्या चादरीखाली होता आणि फार लहान दिसत होता. आता त्याचे फक्त डोळे चालत होते. पापणी एकदा मिटली की होय, डोळे वर नेले की नाही, असं नर्सने सांगितलं. मला बघून त्याचे डोळे ओले झाले. मी म्हणाले, “काय रे मेल्या.”

जेवायचं ताट ठेवायची चाकांची फळी होती, ती पलंगावर ओढली. मी तिच्यावर खडूने एक किनारा काढला. मालनकाकी पायथ्याशी बसली.

“सखाराम गुरव काय करतो?” मी विचारलं.

“पैलतीरावर जातो,” रितेश म्हणाला. वीस लेव्हलच्या गुरवाला जाता येतं. मेलेल्यांच्या गावात जाऊन, बोलून, परत येता येतं.

मग मी सांगितलं. तिथे एक बंदर आहे. वाळूवर होड्या पालथ्या घालून ठेवल्यात. ऊन आहे, पण अंग भाजत नाही. एका होडीच्या सावलीत धाकू तांडेल जाळं शिवत बसलाय. मी पितळेचं बटण त्या किनाऱ्यावर ठेवलं आणि पांढरं बटण त्याच्या जवळ सरकवलं. “बोल त्याच्याशी.”

रितेश चादरीचा काठ सारखा करत राहिला. शमिकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सुजयचे डोळे मिटलेले होते. शेवटी रितेश उठला आणि त्याने हात जोडले, टेबलाजवळ उभा राहायचा तसाच.

“बा देवा म्हाराजा,” तो म्हणाला. “हा माझा भाऊ. त्याला मी मागच्या वेळी विचारलं नाय. त्याचं व्हय मीच म्हटलं. तो समोर असताना म्हटलं. मला भीती वाटली म्हणून म्हटलं. ते चुकलं असेल, तर चुकलं म्हणून त्यालाच सांगू दे, रे म्हाराजा.”

एरवी इथे आम्ही सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो. कुणीच म्हटलं नाही. मशीन एवढं चालू होतं.

सुजयने डोळे उघडले. भावाकडे बघितलं, मोठा वेळ बघितलं. मग पापणी मिटली आणि उघडली.

होय. चुकलं.

रितेशचे खांदे पडले. मला वाटलं तो आता खोलीबाहेर जाणार. पण तो खाली बसला, गुडघ्यांवर, सुजयच्या तोंडासमोर तोंड येईल असा. गाऱ्हाण्याचा सूर गेला होता.

“दादा, परत छाती भरली, परत ताप आला, तर… घरातच राहायचं? कुठे न्यायचं नाय?”

पापणी मिटली. मिटलेली राहिली, मग उघडली, आणि त्याने परत मिटली. कुणाला शंका राहू नये म्हणून असेल. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं आणि रितेशने ते बोटाने पुसलं. या वेळी सुजयने डोळे फिरवले नाहीत.

पायथ्याशी मालनकाकी म्हणाली, “इचारलास ता बरा केलास बाळा. माझ्या पोराला कुणी इचारीतच नव्हता.” आणि ती उठून चहा ठेवायला आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

निघताना मी बटणं गोळा करायला लागले. रितेश म्हणाला, “पितळेचं राहू दे.” त्याने ते सुजयच्या तळव्यावर ठेवलं आणि बोटं मिटवली. बोटं आपोआप उलगडली, तर त्याने परत मिटवली आणि तशीच धरून बसला.

त्यानंतर आम्ही कधी भाट्याला, कधी फोनवर बोलत राहिलो. रितेश भावाला मासळीचे भाव वाचून दाखवायचा, जुन्या लढायांवरून भांडायचा, एकतर्फीच. एकदा त्याने मला सांगितलं की दादा हसला. हसू कसं कळलं, विचारलं, तर म्हणाला, कळतं.

बाजारात पहिल्या आंब्याच्या पेट्या आल्या त्या सुमाराची गोष्ट. सकाळी मी शटर वर करत होते आणि फोन वाजला.

“ताप आलाय,” रितेश म्हणाला. “छाती भरलीय.”

मी शटर अर्ध्यावर धरून उभी राहिले. “डॉक्टर?”

“घरी येऊन गेले. त्रास होणार नाय एवढं औषध दिलंय. शमिकाला तू कळव.”

“येते मी.”

“ये. सावकाश ये.”

तो फोन ठेवेल असं मला वाटलं. त्याने ठेवला नाही. मागे मशीनचा आवाज येत होता आणि मालनकाकीचा काहीतरी पुटपुटल्याचा.

“ताई,” तो म्हणाला, “मी काय म्हणत नाय. त्याच्या वतीने काय म्हणत नाय. नुसता बसलोय त्याच्याजवळ.”

मी शटर परत खाली ओढलं आणि कुलूप लावलं.